हृदयाचे पंपिंग कमी होऊन दाखल झालेल्या रुग्णाला पक्षाघाताचा धोका : कारणे, औषधे आणि घरच्यांनी ठेवायचे लक्ष

मृगनक्षत्र

हृदयाचे पंपिंग एकाएकी कमी पडून, फुप्फुसांत पाणी साचून रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला त्याच काळात पक्षाघात होण्याचा धोका कितपत असतो, तो कशामुळे वाढतो आणि आधी ओळखून काही करता येते का, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढते आहे. येथे वैद्यकीय क्षेत्रातील बरेच सदस्य आहेत आणि अशा आजारपणातून गेलेली कुटुंबेही आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिले जावे अशी विनंती आहे.

पार्श्वभूमी अशी. माझे मोठे काका, वय ७१, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. मध्यरात्री दम लागून आडवे पडणे अशक्य झाले म्हणून त्यांना साताऱ्यातील एका खासगी रुग्णालयात नेले. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला डावा खालचा कप्पा आतील जितके टक्के रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण) ३० टक्के आले. लघवीवाटे पाणी काढणारी इंजेक्शने दिल्यावर पायांची सूज उतरली, रात्रीची झोप लागू लागली आणि घरी सोडण्याविषयी बोलणे सुरू झाले. त्याच सुमारास एका सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना आणि शब्द जुळेनात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निदान झाले. आता फिजिओथेरपी चालू आहे आणि हातात बरीच ताकद आली आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. उपचार हृदयावर चालू असताना मेंदूवर हा घाला कसा आला? आणि रक्त पातळ करण्याची गोळी पहिल्याच दिवशी दिली असती तर हे टळले असते का? मला कोणाला दोष द्यायचा नाही. वडिलांचेही पंपिंग कमी असल्याचे अलीकडेच कळले आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठ

काकांना लवकर आराम पडो. आमच्या आईच्या बाबतीत जवळजवळ असेच घडले, फरक इतकाच की ती घरी आल्यानंतरच्या पंधरवड्यात घडले. सूज गेली, दम गेला म्हणजे संकट टळले असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. धागा वाचतो आहे.

वैद्यकमित्र

मृगनक्षत्र, तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर कळले की दुसऱ्याचे उत्तर इतके सरळ का नाही, ते आपोआप लक्षात येईल.

शिरेत किंवा हृदयात गुठळी होण्याला तीन गोष्टी कारणीभूत ठरतात, असे वैद्यकशास्त्रात शिकवले जाते आणि ही त्रिसूत्री रुडॉल्फ विर्खो या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते : रक्ताचा प्रवाह मंदावणे, आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. हृदय तीव्रपणे कमकुवत झालेल्या रुग्णात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतात. डावा खालचा कप्पा पूर्ण आकुंचन पावत नाही, त्यामुळे त्याच्या टोकाशी रक्त रेंगाळते. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल तर तेथील स्नायूचे अस्तर खराब झालेले असते. शरीर या संकटाला तोंड देण्यासाठी जी संप्रेरके मोठ्या प्रमाणात सोडते, त्यांमुळे आणि सोबतच्या दाहामुळे रक्त गोठण्याकडे झुकते.

याशिवाय दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहणे. अशा वेळी नाडी पूर्णपणे अनियमित लागते आणि डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत गुठळी धरते. पंपिंग कमी झाल्यामुळे वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि हा बिघाड सुरू होतो, तर बिघाड सुरू झाला की पंपिंग आणखी घसरते. दुसरे कारण रक्तदाबाचे आहे. दाखल रुग्णाला पाणी काढणारी औषधे जोरात दिली जातात, ती द्यावीच लागतात. परंतु त्यात रक्तदाब फार खाली गेला आणि मानेतील रक्तवाहिन्या आधीच अरुंद असल्या, तर मेंदूच्या काही भागाला रक्त अपुरे पडू शकते.

काकांच्या बाबतीत एक विचारतो. पक्षाघातानंतर त्यांच्या ठोक्यांची सलग नोंद, म्हणजे होल्टर किंवा मॉनिटरवरची तपासणी, झाली का? आणि इकोच्या अहवालात डाव्या कप्प्यात गुठळी असल्या-नसल्याचा उल्लेख आहे का?

जुनाजाणता

वैद्यकमित्र यांचे विवेचन पटले, आणि म्हणूनच माझे मत असे आहे की पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेल्या प्रत्येक रुग्णाला दाखल करतानाच रक्त पातळ करणारी गोळी सुरू करावी. कारणे इतकी स्पष्ट असताना वाट कशाची पाहायची? माझ्या वडिलांना त्यांच्या डॉक्टरांनी ती पहिल्या दिवसापासून दिली होती. पुढची अनेक वर्षे ते व्यवस्थित जगले आणि त्यांना पक्षाघात कधीच झाला नाही.

पारिजात७

इतकी तीव्र गोळी कशाला? रोजची ॲस्पिरिन पुरेशी नाही का? ती स्वस्त आहे, सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासावे लागत नाही.

दूरदेशी

मी गेली काही वर्षे नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला राहतो, म्हणून एका गोष्टीची भर घालतो. या शहराच्या एका उपनगरातील मध्यमवयीन आणि वृद्ध रहिवाशांचा आरोग्यमागोवा १९९०च्या सुमारापासून अखंड घेतला जात आहे आणि तो रॉटरडॅम अभ्यास या नावाने जगभर माहीत आहे. त्यातून २०१०मध्ये जे प्रसिद्ध झाले, ते मृगनक्षत्र यांच्या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. हृदय कमकुवत झाल्याचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका, तो आजार नसलेल्यांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक आढळला. एक ते सहा महिन्यांच्या टप्प्यात तो साडेतीन पटींच्या आसपास राहिला आणि सहा महिन्यांनंतर वाढलेला धोका असा उरला नाही.

म्हणजे धोका आयुष्यभर सारखा नसतो. तो सुरुवातीच्या काळात एकवटलेला असतो आणि कृष्णाकाठ यांच्या आईंना घरी आल्यावर पंधरवड्यात जे झाले, तेही त्याच काळात मोडते.

वैद्यकमित्र

दूरदेशी यांनी मांडलेला मुद्दा मला या सगळ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. दाखल होण्याचे दिवस आणि त्यापुढचा महिना हा एकच सलग काळ समजायला हवा. घरी सोडल्याच्या दिवशी रेघ मारून आजार संपला, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती बदलायला हवी.

पाचपट म्हणजे प्रत्येकाला होणार, असा मात्र अर्थ कोणी घेऊ नये. अशा रुग्णांपैकी बहुतेकांना पहिल्या महिन्यात पक्षाघात होत नाही. मूळ धोका लहान आहे, तो काही पटींनी वाढतो, आणि म्हणूनच सरसकट औषध द्यावे की निवडून द्यावे, हा प्रश्न उभा राहतो.

जुनाजाणता, तुमच्या वडिलांना ती गोळी कोणत्या कारणासाठी दिली होती, हे त्यांच्या कागदपत्रांतच कळेल. कदाचित त्यांचे ठोके अनियमित असतील. परंतु तुम्ही सुचवता तसे सरसकट करून पाहण्याचा प्रयत्न खरोखरच झालेला आहे, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉर्सेफ या चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली असलेले, परंतु ठोके नियमित असलेले २३०५ रुग्ण घेतले होते. निम्म्यांना वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे जुने औषध दिले, निम्म्यांना ॲस्पिरिन. गुठळीचा पक्षाघात वॉरफरिनच्या गटात निम्म्यावर आला : दर वर्षी शंभर रुग्णांमागे १.३६ वरून ०.७२. परंतु मोठा रक्तस्राव त्याच हिशेबाने ०.८७ वरून १.७८ वर गेला. मृत्यू, गुठळीचा पक्षाघात आणि मेंदूतील रक्तस्राव एकत्र मोजले तर दोन्ही गटांत फरक उरला नाही.

त्यानंतर २०१८मध्ये कमांडर-एचएफ ही चाचणी आली. तिची रचना या धाग्याच्या विषयाच्या आणखी जवळची आहे, कारण तिच्यात हृदयाचा आजार नुकताच बळावून उपचार घ्यावे लागलेले, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले आणि नियमित ठोक्यांचे ५०२२ रुग्ण होते. त्यांना रिव्हरॉक्सॅबॅन ही रक्त पातळ करणारी नवी गोळी अगदी कमी मात्रेत, २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली गेली. पक्षाघात ३ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण असे रुग्ण बहुतांशी हृदयाची शक्ती संपून किंवा ठोक्यांत घातक बिघाड होऊन दगावतात आणि त्यावर ही गोळी काही करत नाही.

म्हणून नियमित ठोके असलेल्या, हृदयात गुठळी न दिसलेल्या रुग्णाला केवळ पंपिंग कमी आहे म्हणून ही गोळी सुरू करण्याची शिफारस आज केली जात नाही.

पारिजात७, ॲस्पिरिनविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

कृष्णाकाठ

रक्तस्रावाचा मुद्दा आम्ही घरात पाहिलेला आहे, म्हणून लिहितो. पक्षाघातानंतर आईला ॲसिट्रॉम हे वॉरफरिनच्याच गटातील औषध सुरू झाले. एके दिवशी एक गोळी, दुसऱ्या दिवशी अर्धी, असा हिशेब होता आणि आम्ही तो फ्रिजच्या दारावर लावलेल्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने लिहून ठेवत असू. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत रोज ताटात आले की तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) खाली यायचा आणि भाज्या अचानक बंद केल्या की वर जायचा. डॉक्टरांनी नंतर समजावले की पालेभाजी बंद करायची नाही, तिचे प्रमाण आठवडाभर सारखे ठेवायचे. गुडघेदुखीसाठी तिने परस्पर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि त्या आठवड्यात शौचाला काळे डांबरासारखे झाले. दाखल करून रक्त द्यावे लागले. तरीही ती गोळी तिला आवश्यकच होती आणि पोट सांभाळून पुन्हा सुरू करण्यात आली. ही गोळी उपकारक आहे, परंतु ती निष्काळजीपणा सहन करत नाही.

चैत्रपालवी

मी पुण्यात हृदयरोग अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तपासण्या आणि औषधे यांविषयी डॉक्टर सांगतीलच. मी खाटेजवळचे सांगते, कारण दाखल रुग्णातील पक्षाघात सगळ्यात आधी तेथे उभ्या असलेल्या माणसाला दिसायला हवा, आणि नेमका तो तेथेच सुटून जातो.

तीव्र दम लागलेल्या रुग्णाच्या तोंडावर बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा घट्ट मास्क असतो. त्याखाली ओठाचा कोपरा खाली आला आहे की नाही, हे दिसत नाही. मास्क असताना बोलणे अस्पष्टच येते, त्यामुळे शब्द अडखळले तरी ते मास्कमुळे आहे असे वाटते. एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हाताला रक्तदाबाचा पट्टा, त्यामुळे रुग्ण हात हलवत नाही याचे कोणाला नवल वाटत नाही. रात्रभर न झोपलेला वयस्क माणूस सकाळी गोंधळल्यासारखा बोलला तर ते थकव्यावर किंवा सोडियम कमी झाल्यावर ढकलले जाते. यातली प्रत्येक शंका अनेकदा खरीही असते, म्हणूनच खरा पक्षाघात त्यांत झाकला जातो.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली आहे आणि नव्या मुलींनाही ती शिकवते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मास्क काही क्षण बाजूला घेता येत असेल तर घ्यायचा, रुग्णाला दात दाखवायला सांगायचे, दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगायचे आणि कोणता हात हळूहळू खाली येतो ते पाहायचे. मग त्याच्या गावाचे नाव आणि घरी कोण कोण आहे, ते पूर्ण वाक्यात सांगायला लावायचे. एकदा एका आजोबांचा चहा डाव्या ओठावरून गळ्यातल्या टॉवेलवर सांडत होता. त्यांच्या सूनबाईंनी ते पाहून आम्हाला हाक मारली, त्या वेळी मॉनिटरवर ठोके पूर्ण अनियमित दिसत होते. त्या हाकेमुळे आजोबांना वेळेत सीटी स्कॅनला नेता आले.

नातेवाईकांना हात जोडून सांगते, काही वेगळे वाटले तर विचारायला संकोच करू नका. रुग्ण एरवी कसा बोलतो आणि कसा हसतो, हे तुम्हाला माहीत असते. आम्हाला तो माणूस त्या दिवशीच भेटलेला असतो.

न्यूरॉन

चैत्रपालवी यांनी जे लिहिले आहे ते प्रत्येक रुग्णालयात वाचले जावे. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि दाखल रुग्णाला झालेला पक्षाघात घरी झालेल्या पक्षाघातापेक्षा उशिरा ओळखला जातो, ही आम्हा सगळ्यांचीच व्यथा आहे. लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत नळीवाटे ती गुठळी काढता येते. ही मुदत रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. रात्री दहाला झोपलेला रुग्ण सकाळी सहाला हात न हलवणारा सापडला, तर घड्याळ दहापासून सुरू झालेले असते. म्हणून पाळीगणिक केलेली ती साधी तपासणी केवळ निदानासाठी नव्हे, तर उपचाराची संधी शिल्लक ठेवण्यासाठीही मोलाची आहे.

आणखी दोन मुद्दे. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर शेवटची गोळी कधी घेतली, हे घरच्यांना नेमके सांगता आले पाहिजे. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमवर आयएनआर १.७ च्या वर असेल, किंवा रिव्हरॉक्सॅबॅनसारखी नवी गोळी गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल, तर विरघळवणारे इंजेक्शन सहसा देता येत नाही. नळीवाटे गुठळी काढण्याला मात्र ही आडकाठी तेवढी लागू नसते. दुसरे असे की हृदयातून आलेली गुठळी बहुधा मोठी असते, ती मेंदूची मोठी वाहिनी अडवते आणि नुकसानही मोठे करते. काकांच्या हाताची ताकद परत येते आहे, हे फार चांगले लक्षण आहे. पहिले काही महिने व्यायाम अजिबात चुकवू नये.

मृगनक्षत्र

सर्वांचे मनापासून आभार. वैद्यकमित्र यांनी विचारलेली माहिती काकांच्या कागदांतून काढली. इकोच्या अहवालात गुठळी नाही असे लिहिले आहे. दाखल करतानाच्या ईसीजीत ठोके नियमित होते. पक्षाघातानंतर चोवीस तासांची नोंद घेतली, तेव्हा मधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन येऊन जाते असे दिसले. त्यानंतर त्यांना ॲपिक्सॅबॅन ही रक्त पातळ करणारी नवी गोळी सुरू झाली आहे.

वैद्यकमित्र

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. येऊन-जाऊन असणारा हा बिघाड फसवा असतो. ईसीजी म्हणजे काही सेकंदांची नोंद. त्या सेकंदांत ठोके नियमित असले म्हणजे रात्री दोन वाजताही ते नियमित होते, असे होत नाही. दाखल असताना मॉनिटर सतत चालू असतो, परंतु त्यावर येऊन गेलेला बिघाड कोणी नोंदवला तरच तो उपयोगाचा. इकोविषयीही एवढे लक्षात ठेवावे की साध्या इकोत कप्प्याच्या टोकाशी असलेली छोटी गुठळी निसटू शकते. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे द्रव्य) देऊन केलेला इको किंवा हृदयाचा एमआरआय अधिक खात्रीचा असतो. वरच्या कप्प्याच्या पिशवीतील गुठळी तर छातीवरून केलेल्या इकोत सहसा दिसतच नाही, ती अन्ननलिकेतून केलेल्या इकोत दिसते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील सुप्रसिद्ध पाहणीतून १९९१मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत हृदय कमकुवत असलेल्यांत पक्षाघाताचे प्रमाण चौपटीहून अधिक आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांत जवळजवळ पाचपट आढळले होते. दोन्ही एकत्र असतील तर निर्णय घ्यायला अडचण राहत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमधील पक्षाघाताचा धोका मोजायला चाड्स-व्हॅस्क नावाची जी गुणपद्धती आम्ही वापरतो, तिच्यात हृदय कमकुवत असण्याला एक गुण, रक्तदाबाला एक, मधुमेहाला एक, ६५ ते ७४ वयाला एक असतो. म्हणजे पक्षाघात होण्याच्या आधीच काकांचे चार गुण भरत होते. दोन गुणांनाच पुरुषांत गोळी सुचवली जाते. बिघाड आधी सापडला असता तर गोळी नक्की सुरू झाली असती. तो सापडला नव्हता, आणि नियमित ठोक्यांवर ती न देणे हे प्रचलित शास्त्राला धरूनच होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हे आहे.

आता पारिजात७ यांचा ॲस्पिरिनचा प्रश्न. वॉरफरिन घेऊ न शकणाऱ्या, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या ५५९९ रुग्णांत ॲपिक्सॅबॅन आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली होती. २०११मध्ये तिचे निष्कर्ष आले : ॲपिक्सॅबॅनने पक्षाघात आणि शरीरात अन्यत्र गुठळी जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच राहिला. म्हणजे या आजारात ॲस्पिरिन सौम्य आहे आणि तरीही पुरेसे आहे, या दोन्ही समजुती टिकत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर ॲस्पिरिनचे काम वेगळे आहे, ते डॉक्टरांना न विचारता कोणी बंद करू नये.

पारिजात७

धन्यवाद. आमच्याकडे सासऱ्यांना ठोके अनियमित असूनही कित्येक वर्षे केवळ ॲस्पिरिन चालू आहे. येत्या भेटीत हे विचारते.

रेवदंडा

एक वेगळा मुद्दा मांडतो. ही चर्चा सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांविषयी चालली आहे, परंतु आपल्याकडे हृदय कमकुवत होऊन दाखल होणारे सगळे वृद्ध नसतात. माझ्या बहिणीला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि त्यातून झडप अरुंद झाली. पस्तिशीतच तिला दम लागून दाखल करावे लागले. ठोके अनियमित होते. तिला वॉरफरिन दिले आहे आणि दर महिन्याला अलिबागला जाऊन रक्त तपासावे लागते. नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, असे वाचल्यावर आम्ही त्या मागितल्या, परंतु डॉक्टरांनी ठाम नकार दिला. त्यामागे काय कारण असावे?

वैद्यकमित्र

तुमच्या डॉक्टरांचे बरोबर आहे. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्या रुग्णांत, ठोके अनियमित असताना, वॉरफरिन गटातील औषधे आणि रिव्हरॉक्सॅबॅन यांची तुलना इन्व्हिक्टस या चाचणीत झाली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील साडेचार हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते आणि २०२२मध्ये आलेला निकाल अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध होता. जुने औषध घेणाऱ्यांत घटनाही कमी होत्या आणि मृत्यूही कमी होते, आणि मोठा रक्तस्राव अधिक नव्हता. म्हणून अशा रुग्णांत आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान ठेवून जुनेच औषध द्यायचे. महिन्याची खेप त्रासाची आहे हे मान्य, पण ती चुकवू नये. बहिणीचे वय पाहता एक सांगतो : गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे, कारण वॉरफरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते आणि त्या काळात औषधयोजना बदलावी लागते.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हृदय कमकुवत होऊन दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली होती. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील अशा रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. त्यांतल्या ७२ टक्क्यांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा हे होते. कमावत्या वयातील माणसाला पक्षाघात झाला तर सगळे घर त्याखाली येते.

जुनाजाणता

चाचण्यांची माहिती वाचल्यावर सरसकट गोळीचा माझा आग्रह सोडतो. परंतु एक गोष्ट मला अजूनही खटकते. पक्षाघात निम्म्यावर येतो, हे दोन्ही चाचण्यांत थोड्याफार फरकाने दिसले. एकत्रित बेरजेत तो फायदा बुडतो म्हणून तो नगण्य ठरवायचा का? अंथरुणाला खिळून जगणे हे काहींना मृत्यूपेक्षा अवघड वाटते. रुग्णाला विचारून ठरवायला काय हरकत आहे?

न्यूरॉन

ही शंका रास्त आहे आणि मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून माझा कल काहीसा तुमच्या बाजूचा आहे. बेरजेत सगळ्या घटनांना सारखेच वजन दिले जाते, हा अशा चाचण्यांचा स्वभाव आहे. परंतु रक्तस्रावातही मेंदूतील रक्तस्राव येतो आणि त्याने येणारे अपंगत्व गुठळीच्या पक्षाघाताइतकेच, काही वेळा अधिकच, असते. म्हणून आज जे करता येते ते असे : सगळ्यांना गोळी देण्याऐवजी, जास्त धोक्याच्या रुग्णांत ठोक्यांची नोंद अधिक दिवस आणि अधिक चिकाटीने घ्यायची. वय जास्त, आधी पक्षाघात किंवा पक्षाघाताचा तात्पुरता झटका येऊन गेलेला, वरचा डावा कप्पा फुगलेला, मधुमेह, अशा रुग्णाला एका चोवीस तासांच्या नोंदीवर निर्धास्त सोडू नये. बाळंतपणाच्या आसपास हृदय कमकुवत झालेल्या स्त्रिया हा आणखी एक गट आहे, ज्यांच्यात पंपिंग फार कमी असेल तर ठोके नियमित असतानाही रक्त पातळ करण्याचा विचार केला जातो.

दूरदेशी

माझ्या मनगटी घड्याळात ठोके अनियमित झाल्याची सूचना येते. अशा रुग्णांना घरी गेल्यावर तसे घड्याळ द्यावे का?

वैद्यकमित्र

उपयोग होतो, पण सूचना आली म्हणजे निदान झाले असे नव्हे. ईसीजीवर खात्री करूनच गोळी सुरू होते. आणि सूचना आली नाही म्हणून ठोके नियमितच आहेत, असेही धरू नये. घड्याळ नसेल तर रोज सकाळी वजन करताना मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहायला घरातल्या एकाने शिकून घ्यावे. ठोके एका लयीत पडत नाहीत असे जाणवले तर त्याच दिवशी ईसीजी काढावा.

चैत्रपालवी

वजनाचे निघाले म्हणून लिहिते. घरी गेल्यावर बरेच जण पाणी काढणारी गोळी दम नसला तरी त्याच मात्रेत घेत राहतात, उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तरी घेतात, आणि मग रक्तदाब इतका उतरतो की उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. वजन झपाट्याने उतरत असेल किंवा उभे राहिल्यावर चक्कर येत असेल तर फोन करून मात्रा विचारावी. मनाने गोळी बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये.

मृगनक्षत्र

वडिलांसाठी पुढच्या भेटीत काय विचारायचे, ते आता माझ्या वहीत उतरले आहे : सलग नोंद किती दिवसांची घेणार, इकोत कप्प्याचे टोक नीट दिसले का, वरच्या कप्प्याचा आकार किती आहे. एक शेवटची शंका. काकांचे वजन ५४ किलो आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६ आले आहे. औषधाच्या दुकानात एकाने सांगितले की वजन कमी असल्याने गोळीची मात्रा निम्मी करायला हवी. डॉक्टरांनी आधी ५ मिलिग्रॅम दोनदा लिहिले होते, तेव्हा क्रिएटिनिन १.२ होते. काय करावे?

वैद्यकमित्र

ॲपिक्सॅबॅनची मात्रा ५ वरून २.५ मिलिग्रॅमवर आणण्यासाठी तीन निकष आहेत : वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक. यांतले कोणतेही दोन लागू असतील तरच मात्रा निम्मी करतात. केवळ वजन कमी म्हणून ती उतरवली तर पक्षाघातापासूनचे संरक्षण अपुरे राहते, आणि ही चूक आपल्याकडे फार आढळते. काकांना आधी एकच निकष लागू होता, म्हणून ५ मिलिग्रॅम बरोबर होते. आता क्रिएटिनिन खरोखरच १.६ वर स्थिरावले असेल तर दोन निकष होतात आणि मात्रा बदलावी लागेल. परंतु पाणी काढणाऱ्या औषधांमुळे ते तात्पुरते वाढलेले असू शकते, म्हणून अहवाल घेऊन उद्याच डॉक्टरांना भेटा. तोवर गोळीचा एकही डोस चुकवू नका आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून ती अर्धी करू नका.

मृगनक्षत्र

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. क्रिएटिनिन पुन्हा तपासायला रक्तही तेव्हाच देणार आहोत. काय ठरले ते येथे कळवते.